लेकीच्या घरचं पाणी

गणपत नाईक खुर्चीवर बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. एक्केचाळीस सालच्या जूनमध्ये मी कोरेगावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू व्हायला गेले, तेव्हा फाटकात खाकी पटका बांधलेला एक उंच, वाळका माणूस टाचा जुळवून उभा होता. त्याने मला खाडकन सलाम ठोकला. सलाम आपल्यालाच आहे हे कळायला मला इतका वेळ लागला की गोंधळून मी त्यालाच नमस्कार केला आणि काखेतली वळकटी चिखलात पाडली. त्याने ती उचलली, झटकली आणि म्हणाला, "बाई, साडेधाच्या ठोक्याला आला असता तर म्या स्वागताला पोरी फालीन केल्या असत्या. तुमी धा मिंटं आदी आलाय."

वेळेच्या आधी आल्याबद्दल बोलणी खाण्याची ती माझी पहिलीच खेप.

नाईक हे त्यांचं आडनाव नव्हतं, पलटणीतला हुद्दा होता. पहिल्या लढाईत ते बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. आता ते आमच्या शाळेचे शिपाई होते, पण शाळा आपल्याच हुकमात आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती काही फारशी चुकीची नव्हती. सकाळी मुली आल्या की "फालीन!" अशी आरोळी द्यायचे आणि सहा वर्षांच्या शेंबड्या पोरींची रांग लावून नखं तपासायचे. उशीर, खोटं आणि उष्टं टाकणं या तीन गोष्टींचा त्यांना मनस्वी राग. बाकी त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे: "ड्यूटी म्हंजी ड्यूटी."

एखादी मुलगी दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी नाईक तिच्या दारात हजर. एकदा सखू नावाची पोर तिच्या बापाने म्हैस राखायला घरी ठेवून घेतली. नाईक गेले, त्याच्याशी एका शब्दानेही भांडले नाहीत. म्हशीचं दावं सोडलं आणि म्हणाले, "म्हस मी राखतु गड्या. तू पोरीला साळंत धाड." आणि ती म्हैस आणून त्यांनी शाळेच्या आवारातल्या लिंबाला बांधली. तीन दिवस मी पाढे म्हणून घेत होते आणि म्हैस मध्येमध्ये हंबरून त्यांना दुजोरा देत होती. चौथ्या दिवशी सखूचा बाप खाली मान घालून आला आणि म्हैस घेऊन गेला. सखू पुढे चौथी पास झाली.

मुलींवरची ही माया कुठून आली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांची हौसा दोन वर्षांची असताना त्यांची बायको प्लेगात गेली. भावकीने दुसऱ्या लग्नाचा धोशा लावला, पण नाईकांनी दाद दिली नाही. पोरीला न्हाऊ घालणं, भाकरी थापणं, वेणी घालणं, सगळं त्यांनी स्वतः केलं. ओढ्यावरच्या बायका हसायच्या. त्यावर नाईकांचं उत्तर ठरलेलं असायचं: "पलटणीत खेचराची आयाळ इंचरली, तवा कुनी हसलं न्हाई. ही तर माजी पोर हाय." हौसाला त्यांनी चौथीपर्यंत शिकवली आणि मी येण्याच्या दोन वर्षं आधी, एकोणचाळीस साली, ताकारी स्टेशनापासून दोन कोसांवर कृष्णाकाठच्या एका गावात दिली. ऊसवाले लोक, दारात चार बैल, विहिरीवर इंजिन. कोरेगावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या, "बाप असावा तर नाईकासारखा."

मलाही तसंच वाटायचं. मी विसाव्या वर्षी विधवा झालेली. माझ्या वडिलांनी सगळ्यांशी वाकडं घेऊन मला शिकवलं म्हणून मी या खुर्चीवर बसले होते. तेव्हा चांगल्या बापाची पारख आपल्याला आहे असा माझा गैरसमज होता.

दिवाळी, संक्रांत, गावची यात्रा असं निमित्त काढून नाईक लेकीला भेटायला जात. सकाळच्या गाडीने जायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने परतायचे. बरोबर लेकीसाठी शेंगदाण्याचे लाडू, एखादा खण, आणि स्वतःसाठी फडक्यात बांधलेली भाकरी नि पलटणीतली पाण्याची बाटली. कारण लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही रीत; मोडली तर लेकीची कूस उजवत नाही, असं मानतात. आमच्याकडे ती पुष्कळांत आहे, पण लोक कडेकडेने सवलत घेतात. कुणी चहा म्हणजे पाणी नव्हे म्हणतो, कुणी शेजारच्या घरी जेवतो. नाईकांकडे सवलत नव्हती.

"उन्हाळ्यात तहान लागली तर?" मी एकदा चिडवलं.

"बाटली हाय की. ती सरली तर स्टेशनावर नळ हाय. तीन वर्सं झाली बाई, पर इवायाच्या दारात म्या ओठ भिजवला न्हाई."

"आणि बसता किती वेळ?"

"घटकाभर. पोरगी दिली की बापानं पाय आवरून ऱ्हावं. पोरगी येती, पाया पडती, मी म्हनतु बरी हाईस न्हवं, ती मान हालवती. झालं."

हौसाची पत्रं यायची. नाईकांना पलटणीत इंग्रजी अक्षरांतलं हिंदुस्थानी वाचायला शिकवलं होतं, मराठीत मात्र सहीपुरता हात वळलेला. म्हणून पत्र मी वाचायची. अक्षर सुरेख, मजकूर ठरावीक. "मी खुशाल आहे. सासूबाई माया करतात. आपली प्रकृती जपावी." एका पत्रात शेवटी, समासात, बारीक अक्षरात एक ओळ जास्त होती: "आबा, येत्या खेपेला थोडं जास्त बसा." मी ती वाचली. नाईक हसले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "येडी हाय पोर. बापाची माया सुटत न्हाई." मीही हसले. मुलींच्या वह्यांतली काना-मात्रेची चूक मला दहा हातांवरून दिसायची, आणि ही ओळ मी मोठ्याने वाचूनही माझ्या लक्षात आली नाही. याचा मला अजून राग येतो.

चव्वेचाळीसच्या फाल्गुनात, बाजारच्या दिवशी, मधल्या सुट्टीत एक कासारीण शाळेच्या पडवीत येऊन बसली. मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. नाईक त्यांना रांग लावायला गेले, तशी ती त्यांच्याकडे निरखून पाहू लागली.

"तुमीच का वो हौसाचं वडील? ताकारीकडं दिलीया ती?"

"व्हय, व्हय." नाईकांचा चेहरा फुलला. "कुटं गाठ पडली?"

बाईने मुलींना खेळायला पिटाळलं. मी दारात उभी होते, माझ्याकडे बघून ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "संक्रातीला बांगड्या भराया गेले हुते. ल्हान पोरींच्या मापाच्या बांगड्या गेल्या तिच्या हातात. पार काटूक झालीया. आन् कोपराच्या खाली डाग हायती. उलथन्याचं. एक न्हवं, चार-पाच."

"खोटं बोलतीस," नाईक म्हणाले. आवाज चढवला नाही. "दिवाळीला मी जाऊन आलोय. मला दिसलं न्हाई ते तुला कसं दिसलं?"

"तुमी पाणी पिता का तितं?"

नाईकांचा हात पटक्याकडे गेला.

"तुमी येनार म्हनलं की तिला ठेवनीतलं लुगडं नेसवत्यात. पदराआड हात ठिवून पाया पडती आन् आत जाती. तुमाला पाणी द्यायचं न्हाई, वाडायचं न्हाई, मग हात भाईर यील कसा? मूल न्हाई म्हनून जाच चाललाय, तीन वर्सं. सगळ्या गावाला ठावं हाय. आवं, बाई तोंडानं कायबी सांगती. कासारनीच्या हातात हात दिला की मग कळतं."

त्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा दहा मिनिटं उशिरा झाली. मुलींना मजा वाटली. मी वर्गातून पाहिलं, नाईक घंटेपाशीच उभे होते, हातोडा हातात धरून.

संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "बाई, ती वळ कुटल्या पत्रात हुती? जास्त बसा म्हनून?"

मी पत्र काढलं. ती ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "मी आपला रीत पाळतुया म्हनून छाती फुगवून सांगत फिरलो. पाणी प्यालो असतो तर तिचा हात दिसला असता. पहाऱ्यावरचा संत्री हुतो बाई मी, पर तोंड भलतीकडं करून हुबा."

मी पत्राची घडी घातली. त्यांनी विचारलं, "उद्या संगं येताल? घरात बाईमानूसच जाऊ शकतं."

दुसऱ्याच्या घरचा मामला, ते ऊसवाले, आम्ही एक म्हातारा आणि एक विधवा बाई. शिवाय ते चळवळीचे दिवस होते, स्टेशनास्टेशनांवर बंदूकवाले पोलीस, कुणी कुठे जातंय याच्या चौकशा. मी हो म्हटलं ते धैर्याने नव्हे. ती ओळ मी वाचली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. या खेपेला लाडू नव्हते, खण नव्हता. फडक्यातली भाकरी नव्हती आणि बाटलीही नव्हती. ताकारीला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनावरच्या नळाशी मी पाणी प्याले. नाईक दूर उभे राहिले. "चला," म्हणाले. दोन कोसांच्या वाटेत मी चारदा सावलीला थांबले, ते थांबले नाहीत. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते.

व्याही सोप्यात बसले होते, जाडजूड, मोठ्या मिशांचे गृहस्थ. अचानक आलेले पाहुणे पाहून त्यांनी आधी आत हाक मारली आणि मग राम राम केला. मी शाळेची मास्तरीण, हौसाला बघायला आले, असं नाईकांनी सांगितलं. आत लगबग ऐकू आली. ठेवणीतल्या लुगड्याची असणार. थोड्या वेळाने हौसा आली, पदर ओढून, हात पदराखाली. बापाच्या पाया पडली आणि वळली.

"हौसा, पाणी आन," नाईक म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली. विहीणबाई दारातून पुढे आल्या. "आवं पाव्हणं, असं काय करता? अजून पाळना हालला न्हाई आमच्यात."

"तान लागलीया."

"रीत हाय की न्हाई तुमच्यात?" व्याही हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "चार वर्सं तुमीच तर सांगताय."

"चार वर्सं सांगितलं. आज पाणी पाहिजे."

विहीणबाईंनी धाकट्या मुलीला खूण केली. ती तांब्या घेऊन आली. नाईकांनी हात पुढे केला नाही. "हौसाच्या हातचं."

इतक्यात जावई आणि त्याचा धाकटा भाऊ रानातून आले आणि दारात उभे राहिले. धाकट्याच्या हातात कोयता होता. ऊस तोडणाऱ्याच्या हातात कोयता असायचाच, पण त्याने तो खाली ठेवला नाही हे मी पाहिलं. परतीचा रस्ता त्यांच्या पाठीमागे होता.

"दे गं," व्याही शेवटी म्हणाले.

हौसाने नणंदेच्या हातून तांब्या घेतला. एका हाताने पदर धरून एका हाताने पाणी देता येत नाही, आणि वडिलांना तर नाहीच. दोन्ही हात पुढे आले. कासारणीने चार-पाच म्हटलं होतं. मी सात मोजले आणि मोजणं सोडून दिलं. दोन ताजे होते.

नाईकांनी तांब्या घेतला. मान वर करून, वरून धार धरून, सगळं पाणी प्याले. गळ्याची घाटी वरखाली होताना मला दिसत होती. रिकामा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "आता भाकरी बी खानार. आन् मुक्काम करनार. किती दीस त्ये अजून ठरवलं न्हाई."

व्याही उठून उभे राहिले. "ह्ये काय चाललंय पाव्हणं? घरच्या गोष्टी घरात असत्यात. पोरीला शिकवायला लागतं."

"म्या शिकवली हुती. चौथीपातूर." नाईकांनी मग त्यांच्याकडे पाठ केली. "हौसा, माझ्यासंगं येतीस?"

"नेली तर परत ह्यो उंबरा न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "सांगून ठेवते."

हौसा बोलेना. चार पुरुषांसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, बोल ग बाई, एक शब्द बोल. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीकडे बघत होता. आणि मग ती एकाएकी मटकन खाली बसली आणि रडू लागली. मला वाटलं, डागांसाठी रडतेय. पण ती बापाचे पाय धरून म्हणत होती, "आबा, पाणी का पिलासा? का पिलासा? आता मला मूल हुनार न्हाई. तुमीच आडवं आला माज्या."

एवढं सोसूनही तिची आशा त्या रितीवर टांगलेली होती. नाईकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुन्हा कधी तसा पाहू नये असं वाटलं. कासारणीच्या बोलण्याने ते हादरले होते, या वाक्याने पार कोसळले. माझी खात्री झाली की आता हे उठणार आणि एकटेच परत फिरणार.

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेतले, डागांसकट.

"न हुईना पोरी," ते म्हणाले. "मला हाय की मूल. ही काय, म्होरंच बसलीया."

हौसाने हात सोडवून घेऊन डोळे पुसले. मग उठली, आत गेली नाही, काही घेतलं नाही. बापाच्या मागे येऊन उभी राहिली. दारातला धाकटा हलला नाही. नाईक त्याच्यापुढे जाऊन थांबले, टाचा जुळवल्या आणि नुसते त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. शेवटी जावयानेच भावाचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. आपल्या बायकोसाठी त्याने केलेली तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक आहे.

स्टेशनापर्यंत आम्ही मागे वळून पाहिलं नाही. गाडी तीन तास उशिरा होती आणि रस्त्यावर धूळ उठली की तिघांचेही डोळे तिकडे जायचे. कुणी आलं नाही.

कोरेगावात मात्र पुष्कळ झालं. भावकी बसली, निरोप आले. ज्या बायका आपल्या नवऱ्यांना नाईकांचा दाखला द्यायच्या, त्याच म्हणू लागल्या, "बापानं पाणी पिऊन लेकीचा संसार मोडला." नाईक ऐकून घ्यायचे. घंटा पुन्हा वेळेवर होऊ लागली, पण "ड्यूटी म्हंजी ड्यूटी" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. एकदा वह्या बांधता बांधता त्यांनी विचारलं, "बाई, तुमी शिकल्याल्या. चांगला बाप म्हंजी काय वो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मला बी वाटलं हुतं, मला ठावं हाय."

त्यांना खाणारी गोष्ट लोकांची बोलणी नव्हती. हौसा बोलत नव्हती. काम करायची, विचारलं तर मान हलवायची. अंगावर मांस चढलं, डाग फिके झाले, पण तोंड उघडेना. त्या घरात जे एक वाक्य ती बोलली, त्यानंतर बापाशी दुसरं नाहीच. मी जाऊन बसायची, पुस्तक वाचून दाखवायची. ती ऐकायची. तिने बापाला माफ केलं नाही असं नाईकांना वाटत होतं, आणि माफ करावं असं ते तिला कधीच म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी माझी साताऱ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशीच कुणा बाईचा चढलेला आवाज कानावर आला. कुठे तरी भांडण लागलंय म्हणून मी बिचकले. आवाज नाईकांच्याच अंगणातून येत होता.

"किती येळा सांगितलं आबा, शेळी बांदून ठिवा! समदा मेथीचा वाफा खाल्ला तिनं! म्या पानी घालायचं, म्या खुरपायचं, आन् तुमी निसतं बगत बसायचं? ध्यान कुटं असतं तुमचं?"

हौसा कमरेवर हात ठेवून उभी होती, लाल झालेली, केस विस्कटलेले. समोर नाईक शेळीचा कान धरून, खाली मान घालून. मला पाहून ती थांबेल म्हणून मी लगेच पुढे झाले, म्हटलं, "अगं, असू दे, म्हातारा माणूस आहे..."

नाईकांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्यांनी घाईघाईने मला हाताने थोपवलं.

"बाई, मधी पडू नगा," ते हळूच म्हणाले. "बोलू द्या तिला."